गोव्याच्या दमट हवेत पहिली कुकी: गार बटर, ओळखीचा ओव्हन आणि १-२-३ चं माप

आमच्या फोंड्याच्या घरात ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, आला तो जुलै महिन्यात. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी मोबाईलवर रेसिपी उघडून त्यात लिहिलं तस्सं करत होते. बटर 'रूम टेंपरेचर'ला येऊ दिलं, साखरेबरोबर फेटलं, गोळे करून ट्रेमध्ये लावले. बारा मिनिटांनी पाहिलं तर बारा कुक्यांची एकच पापडी झाली होती, कडेला करपलेली आणि मध्ये ओली. रेसिपी बरोबरच होती. फक्त ती लिहिणारीचं स्वयंपाकघर २० अंशांवर होतं आणि माझं ३० वर.

गोव्यात किंवा कोकणपट्टीत घरी कुकी शिकायला बसलेल्यांना हीच अडचण पहिल्या दिवशी येते, आणि बरेच जण दोष स्वतःच्या हाताला देऊन ओटीजी कपाटावर ठेवून देतात. म्हणून रेसिपीच्या आधी हवेबद्दल बोलते. बटर गार ठेवायचं, ओव्हनचा खरा पारा ओळखायचा आणि भाजलेलं लगेच हवाबंद करायचं, एवढं जमलं की बाकीचं दोन-तीन घाण्यांत हाताला समजतं.

आधी सामान

पहिला खर्च वजनकाट्यावर करा. मैद्याचा 'एक कप' हे माप फसवं आहे. मैदा चाळून हलक्या हाताने भरला तर कपात १२० ग्रॅम बसतो, तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. भाजीत एवढा फरक चालतो, पण वीस कुक्यांच्या पिठात ३० ग्रॅम मैदा जास्त पडला की कुकी कोरडी होऊन तुटते. या लेखातली सगळी मापं त्यामुळे ग्रॅममध्ये आहेत.

दुसरी वस्तू म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर. ट्रे फिकट रंगाचा, अॅल्युमिनियमचा घ्या. काळ्या ट्रेमध्ये तळ लवकर लाल होतो. कागद घेताना दुकानात नीट विचारा, कारण 'बटर पेपर' या नावाखाली जो पातळ मेणचट कागद मिळतो तो सँडविच गुंडाळायला ठीक, पण ओव्हनमध्ये कुकीच्या बुडाला चिकटून बसतो. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर लागतो, तो एकदा वापरून पुसून पुन्हा वापरता येतो. बीटर नसला तर अडत नाही. लाकडी चमचा आणि जाड बुडाचं पातेलं यांवर मी पहिली दोन वर्षं काढली.

आणि मोठा ओटीजी घेतला असेल तर तो १६ अँपियरच्या सॉकेटलाच लावा. साध्या सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्ड जोडून चालवू नका.

ओव्हनशी ओळख

ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतला पारा यांत १५-२० अंशांचा फरक असणं नेहमीचंच. खाली-वर दोन्ही कॉइल सुरू करा, बटण १७० वर ठेवा, थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून २० मिनिटं थांबा आणि काय दिसतं ते कागदावर लिहून दारावर चिकटवा. माझ्याकडे १७० हवे असतील तर बटण १८५ वर ठेवावं लागतं. हा आकडा प्रत्येक घरी वेगळा निघेल.

मग पांढऱ्या ब्रेडच्या सहा-आठ स्लाइस ट्रेभर पसरून १० मिनिटं भाजा. कुठली स्लाइस आधी लाल झाली ते पाहा. बहुतेक ओटीजींत मागची बाजू तापट असते. तसं असेल तर कुकी अर्ध्या वेळेवर आली की ट्रे फिरवायचा, म्हणजे मागचं पुढे. आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत चारही बाजूंच्या भिंती सारख्या तापलेल्या असतात, म्हणून पाव सगळीकडून सारखा फुगतो. पत्र्याच्या छोट्या पेटीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही, तिच्याकडे लक्ष द्यावं लागतं.

ट्रे आत सरकवायच्या आधी ओव्हन किमान १५ मिनिटं तापलेला हवा. थंड ओव्हनमध्ये कुकी ठेवली तर मैद्याला आकार धरायच्या आधीच बटर वितळून पसरतं.

बटरची गोष्ट

बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पुरतं वितळतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ओट्यावरच ३२-३३ अंश असतात, म्हणजे 'बाहेर काढून तासभर ठेवा' हा सल्ला आपल्यासाठी नाहीच. फ्रीजमधून काढायचं, सुरीने छोटे चौकोनी तुकडे करायचे आणि आठ-दहा मिनिटं थांबायचं. बोटाने दाबल्यावर खळी पडली पाहिजे, पण बोट आत घुसता कामा नये आणि बोटाला तेलकट चकाकी लागता कामा नये. चकाकी दिसली तर पातेल्यासकट पाच मिनिटं फ्रीजमध्ये परत.

हे इतकं जपायचं कारण असं. साखरेचे कण घट्टसर बटरमध्ये फेटले जातात तेव्हा त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि कुकी खुसखुशीत होते ती त्या बुडबुड्यांमुळे. वितळलेल्या बटरमध्ये हवा थांबत नाही. पंखा सुरू ठेवा, पिठाला हात कमी लावा, आणि जमलं तर सकाळी लवकर किंवा रात्री जेवणं आटोपल्यावर करा.

बटर म्हणजे इथे पिवळं, मीठ असलेलं, १०० ग्रॅमच्या वडीत मिळणारं नेहमीचं बटर. त्यामुळे वेगळं मीठ घालायचं नाही. घरचं पांढरं लोणी वापरू नका, त्यात पाणी किती हे सांगता येत नाही.

एक-दोन-तीन

आता पहिली कुकी. एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. बटरची एक वडी १०० ग्रॅमची, म्हणून ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम मैदा. त्यात ४० ग्रॅम काजूची भरड आणि अर्धा छोटा चमचा वेलची. अंडं, सोडा, बेकिंग पावडर यांतलं काही नाही, त्यामुळे चुकायला जागाच कमी आहे आणि उपवासाचा वार सोडला तर घरात सगळ्यांना चालते. नानकटाई खाऊन वाढलेल्या माणसाला ही चव लगेच ओळखीची वाटते.

काजू अख्खे घेऊ नका. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात तुकडा काजू बराच स्वस्त मिळतो आणि इथे तोच हवा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड आपल्या डोंगरांवर असं रुजलं की 'गोवा काजू'ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नव्या हंगामाचे काजू मे महिन्यात मिळतात तेव्हा त्यांना गोडसर दुधाळ वास असतो. भरड करताना मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवला की तेल सुटून लगदा होतो.

बटर आणि पिठीसाखर दोन-तीन मिनिटं फेटा, रंग फिका होईपर्यंत. मैदा, काजू, वेलची घालून बोटांनी फक्त एकत्र येईल इतकंच करा. पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. मळलं की मैद्याचा चिवटपणा जागा होतो आणि कुकी दातांखाली कडक लागते. पीठ भुरभुरीत वाटलं तरी दूध-पाणी घालू नका, मुठीत दाबलं की धरतं. त्याची चार सेंटीमीटर जाडीची नळी करून बेकिंग पेपरमध्ये गुंडाळा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

मग धारदार सुरीने पाऊण सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापा, तीसेक होतील. दोन चकत्यांत बोटभर जागा सोडून ट्रेवर लावा, आणि ट्रेही थंड हवा. १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. कडा फिकट सोनेरी झाल्या की बाहेर. मधला भाग तेव्हा पांढरट आणि दाबल्यावर मऊ असतो आणि इथेच नवखा माणूस फसतो. 'अजून कच्ची आहे' म्हणून पाच मिनिटं वाढवतो आणि दगड बाहेर काढतो. गरम कुकी नेहमी मऊच असते. ट्रेवर १० मिनिटं, मग जाळीवर अर्धा तास, तेव्हा ती कुरकुरीत होते. पहिल्या खेपेला चारच चकत्या भाजून पाहा. वेळ कळली की बाकीच्या लावा.

त्याच पिठाचे पेरादचे बार

कुकी जमली की बार आलाच, कारण पीठ तेच. फक्त दीडपट: ७५ ग्रॅम साखर, १५० ग्रॅम बटर, २२५ ग्रॅम मैदा. २० सेंटीमीटरचा चौकोनी डबा, त्यात कागद असा घाला की दोन बाजूंनी बाहेर राहील, नंतर धरून उचलायला.

दोन तृतीयांश पीठ डब्यात दाबून सारखं बसवा, वाटीच्या बुडाने दाबलं की छान सपाट होतं. काट्याने टोचे मारा आणि १७० अंशांवर १५-१८ मिनिटं एकटंच भाजा. हे भाजणं टाळलं तर वरच्या गोडाचा ओलावा खाली उतरून तळ गिळगिळीत होतो.

मधला थर पेरादचा. पेरू आटवून केलेली ही घट्ट वडी नाताळच्या सुमारास इथे घरोघरी होते आणि बेकऱ्यांतही मिळते. २५० ग्रॅम पेरादचे तुकडे, दोन-तीन चमचे पाणी आणि एका लिंबाचा रस मंद आचेवर ढवळून जॅमसारखं सैल करा. लिंबू विसरू नका, नाहीतर गोडावर गोड होतं. पेराद नसेल तर पेरूचा किंवा आमसुलाची आंबट धार दिलेला अननसाचा जॅम, दोन्ही मी केले आहेत. आंब्याच्या दिवसांत घरचा घट्ट आटवलेला आमरसही चालतो, पण तो इतका आटलेला हवा की चमचा फिरवला तर तळ दिसेल.

भाजलेल्या थरावर हे पसरा. उरलेल्या पिठात ५० ग्रॅम काजूतुकडा मिसळून हाताने वर भुरभुरवा आणि १७० वर २५ मिनिटं भाजा, वरचा चुरा सोनेरी होईपर्यंत. पुढे संयम लागतो. डबा पूर्ण गार होऊ द्या, मग तासभर फ्रीजमध्ये, मगच कागद धरून उचला आणि कापा. गरम असताना कापलेले बार कडेने ढासळतात. सुरी प्रत्येक कापानंतर पुसली तर सोळा नेटके चौकोन होतात.

बोलिन्हास: आंटीच्या हातची

आमच्या शेजारच्या आंटीकडे चवथीला आमच्या नेवऱ्या जातात आणि नाताळात तिच्याकडून कोंसुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचं, ताट येतं. त्या ताटात दोदोल, नेवऱ्या, दोस असतो, आणि मी सगळ्यात आधी उचलते ती बोलिन्हा, नारळ-रव्याची, वर काट्याने चौकटी ओढलेली. तिच्या ओट्याजवळ उभी राहून मी ती शिकले. मापं तिच्या हातात होती, ती मी वजनकाट्यावर उतरवून घेतली.

२५० ग्रॅम बारीक रवा कोरडाच मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करा, रंग बदलू देऊ नका. २०० ग्रॅम ओलं खोबरं खवून मिक्सरमध्ये एकदाच फिरवा, पाणी न घालता. खोवताना काळ्या पाठीपर्यंत जाऊ नका. २२० ग्रॅम साखर आणि १२० मिलिलिटर पाणी उकळत ठेवा. पाक बोटाला चिकटू लागला, पण एकतारी व्हायच्या आत, खोबरं घालून तीन-चार मिनिटं ढवळा. आच बंद करून ३० ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ आणि रवा घाला. दिसायला हे सैल शिऱ्यासारखं दिसतं. घाबरून रवा वाढवू नका.

आता झाकून रात्रभर ठेवायचं, गरमीच्या दिवसांत फ्रीजमध्ये. घाईच्या दिवशी मी ही पायरी गाळून पाहिली आणि बोलिन्हा खाताना रवा दातांखाली वाळूसारखा लागला. रात्रभरात रवा पाक आणि खोबऱ्याचं दूध पिऊन फुगतो, मिश्रण घट्ट होतं आणि चव एकजीव होते.

सकाळी दोन अंड्यांचे पिवळे बलक आणि वेलची घालून मळा. चिकटत असेल तर हाताला थोडा मैदा लावा. लिंबापेक्षा लहान, साधारण २५ ग्रॅमचे गोळे करा, तीसेक होतात. तळहाताने जरा चपटे करून काट्याने आधी आडव्या मग उभ्या रेघा दाबा. १७० अंशांवर २५ मिनिटं, बूड उलटून पाहिलं तर बदामी दिसेपर्यंत. आंटीच्या लहानपणी हे मडक्याच्या भांड्यात, खाली विस्तव आणि वर पत्र्यावर सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालींचे, निखारे ठेवून भाजत. ती अजूनही म्हणते, वरची आच कमी पडली की बोलिन्हा फिकी राहते. ओटीजीत वरची कॉइल लावायला म्हणूनच विसरू नका.

उरलेल्या दोन पांढऱ्या बलकांत १०० ग्रॅम साखर आणि १५० ग्रॅम सुकं किसलेलं खोबरं मिसळून छोटे ढीग लावा, १६० वर १८-२० मिनिटांत मॅकरून तयार. बोलिन्हाचं नारळ-रव्याचंच दुसरं भावंड म्हणजे बाथ. तो सपाट डब्यात भाजून शंकरपाळीच्या आकारात कापतात, पण त्याला पूर्ण वेगळा लेख द्यावा लागेल.

माडाच्या गुळाची मऊ कुकी

दुकानातल्या चॉकलेट चिप कुकीची आवड असणाऱ्यांसाठी ही. १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम माडाचा काळा गूळ किसून, ४० ग्रॅम साखर एकत्र फेटा. एक अंडं घाला. १८० ग्रॅम मैदा आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा चाळून मिसळा, शेवटी १०० ग्रॅम डार्क चॉकलेट सुरीने चिरून.

सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी घालू नका. सोड्याला फुगायला आंबट काहीतरी लागतं. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं हे आपण जाणतोच, गुळातला तो हलका आंबटपणा इथे सोड्याच्या कामी येतो. बेकिंग पावडरमध्ये आम्ल आधीच मिसळलेलं असतं आणि तिची ताकद सोड्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच असते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

हे पीठ सैल असतं, म्हणून किमान दोन तास फ्रीजमध्ये. मग ४० ग्रॅमचे चौदा गोळे, दोघांत चार बोटं अंतर, १७५ अंशांवर १२-१३ मिनिटं. मध्ये फुगीर आणि ओलसर दिसतानाच काढा. अंडं नको असेल तर तीन मोठे चमचे घट्ट दही घाला, कुकी जरा केकसारखी होईल, पण चांगली लागते. गोळे फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात आणि तसेच थेट ओव्हनमध्ये लावता येतात, फक्त दोन मिनिटं जास्त द्यायची. पाहुणे अचानक आले तर एवढी सोय दुसऱ्या कुठल्या गोडात नाही.

बिघडलं तर

पसरून पापडी झाली: पीठ गरम होतं किंवा ओव्हन तापला नव्हता. डोंगरासारखी उभी राहिली, पसरलीच नाही: मैदा जास्त पडला. कडक झाली: जास्त भाजली किंवा जास्त मळली. तळ काळा आणि वरून पांढरी: ट्रे एक जाळी वर चढवा, किंवा खाली दुसरा रिकामा ट्रे ठेवून दुहेरी करा. मध्येच वीज गेली तर दार उघडू नका. पाच-सात मिनिटांत आली तर कुकी बहुतेक वाचते, त्याहून उशीर झाला तर वाचणं अवघड.

डबा

साखर हवेतला ओलावा खेचते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. जाळीवर गार व्हायला ठेवलेली कुकी पावसाळ्यात अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त उघडी ठेवू नका. बुडाला हात लावून पूर्ण गार झाल्याची खात्री झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. कोमट असताना भरली तर वाफ आतच राहते आणि सकाळी सगळी मऊ. कुरकुरीत कुकी आणि पेरादचे बार एका डब्यात कधीच नको, बारांचा ओलावा रात्रीत कुकीत जातो.

काजूची कुकी नीट ठेवली तर दोन आठवडे राहते. बार फ्रीजमध्ये आठवडाभर. बोलिन्हासमध्ये ओला नारळ आहे, पावसाळ्यात त्या चार दिवसांत संपवा किंवा फ्रीजमध्ये ठेवा, आणि खायच्या आधी पाच मिनिटं गरम करा. काजूची कुकी मऊ पडलीच तर १५० अंशांवर पाच-सात मिनिटं भाजून पुन्हा जाळीवर गार करा, कुरकुरीतपणा परत येतो.